काकूंच्या नावाची माशी

सर, तुमची माशी मी मोडीत काढते आहे. लांबण लावत नाही, तुम्हाला ती कधीच आवडली नाही. टेकडीवर सापडलेली, जगात पहिल्यांदा तुम्ही वर्णन केलेली आणि काकूंचं नाव दिलेली ती पानं कापणारी एकांडी मधमाशी वेगळी जात नाहीच. टेकडीवरच्या माश्यांवरचा माझा शोधनिबंध सोमवारी जायचा होता. त्यात एकतर हे लिहायचं, नाहीतर जाणूनबुजून खोटं लिहायचं. तुम्हाला जाऊन एक तप उलटलं, तुम्हाला काय फरक पडणार! पण काकू आहेत ना.

तुमचं कोथरूडचं स्वयंपाकघर मला जसंच्या तसं दिसतं. फ्रीजरमध्ये माश्यांचा स्टीलचा डबा, आणि त्यावर तुमच्या अक्षरात चिठ्ठी: 'यात खाऊ नाही. तरीही उघडल्यास किंचाळू नये.' काकू म्हणायच्या, "माझ्या फ्रीजमध्ये मेलेल्यांना जागा आहे, आंब्याच्या डाळीला नाही." ज्या दिवशी तुमचा निबंध छापून आला त्या दिवशी आम्हा विद्यार्थ्यांना जेवायला बोलावलं होतंत. काकूंनी पुरणाचे हात पदराला पुसले आणि ते पान डोळ्यांजवळ धरून आपलं नाव शोधलं. "म्हणजे आता ही माझ्या नावानं उडणार? कुठपर्यंत?" तुम्ही म्हणालात, "माश्या आहेत तोपर्यंत." काकू हसल्या नाहीत. ते पान त्यांनी देवघरात नेऊन ठेवलं. तुम्हाला मूल नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

एक खोट मात्र तेव्हापासूनच होती. तुमच्याकडचे सगळे नमुने नर होते. पुढच्या पायांना फिकट रुंद झालर असलेले देखणे नर. मादी काही सापडेना. "मादी मिळाली की जात पक्की," म्हणत तुम्ही दर हंगामात टेकडी पालथी घालायचात, शेवटी शेवटी तर काठी टेकत. आम्हीही मागे जाळी घेऊन. मी यवतमाळहून नवीनच आलेली, उत्साह उतू चाललेला. एकदा झुडपावरून सर्रकन गेलेली माशी बघून मी बिनधास्त तुमच्या जातीचं नाव लिहून टाकलं. सगळ्यांसमोर तुम्ही ती चिठ्ठी वाचलीत. "अहो बाई, हे अंदाजपंचे दाहोदरसे यवतमाळला चालत असेल. माशीला आपली इच्छा ठाऊक नसते. दिसलं तेवढंच लिहायचं." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आजही ते वाक्य आठवलं की कान तापतात.

गेल्या पावसाळ्यानंतर मी एक साधी गोष्ट केली, जी तुम्ही कधी केली नाहीत. या माश्यांना पोळं नसतं, राणी नसते. एकटी मादी एखाद्या पोकळ काडीत पानांच्या तुकड्यांची घरं करते, एकामागे एक, प्रत्येकात एक अंडं. तिला काडीच द्यायची, म्हणजे एका आईची सगळी पोरं एका जागी सापडतात. मी कसब्यातल्या बुरुडाकडून बांबूच्या नळ्या कापून घेतल्या. "कशाला एवढ्या?" "माश्यांना राहायला." "पुण्यात जागा मिळाली म्हणायची त्यांना तरी!" असं म्हणत त्यानं गठ्ठा बांधला. टेकडीवर टांगलेल्या नळ्यांपैकी काही भरल्या, त्या आणून मी प्रयोगशाळेत एकेका बाटलीत ठेवल्या.

सकाळची वेळ आहे. नळीच्या तोंडाचं पान आतून कुरतडल्याचा बारीक आवाज येतोय. पहिला बाहेर येतो तो नर, फिकट झालरीचा. सर, तुमचा! इतक्या वर्षांनी जिवंत! मी एकटीच मोठ्यानं ओरडते. या माश्यांत तोंडाजवळचे नर आधी निघतात आणि मागून माद्या. म्हणजे तुम्हाला जन्मभर न दिसलेली मादी आता याच नळीतून येणार, मी खुर्ची ओढून बसते. दुसराही नर. मग बराच वेळ काहीच नाही. मग ती येते, पोटाखाली पराग झाडायचा नारिंगी ब्रश घेऊन, आणि मी बघतच राहते. ही तर आपली नेहमीची! इंग्रजांच्या काळात एका साहेबानं नाव दिलेली, गल्लोगल्ली दिसणारी, तुमच्या पेटीत खालच्या कप्प्यात रांगेनं टोचलेली. त्या साहेबाला फक्त माद्या मिळाल्या, तुम्हाला फक्त नर. नवरा-बायकोला तुम्ही दोघांनी दोन जाती ठरवलंत.

मी लगेच मानलं नाही हो. परक्या नळीत घुसून अंडी घालणाऱ्या माद्या असतात, तशी ही असेल, असं म्हणून दुसरी नळी बघितली, तिसरी बघितली. मग डीएनए करून घेतला. सगळीकडे तेच. मग मला तुमचा भयंकर राग आला. काठी टेकत टेकडी चढत होतात, आणि ती बया तुमच्याच गॅलरीत काकूंच्या गुलाबाची पानं गोल गोल कापून नेत होती, काकू तिला रोज शिव्या घालत होत्या! मान वळवून बघितलं असतंत एकदा!

नियम तुम्हीच शिकवलेला. जुनं नाव राहतं, नंतरचं त्याच्या पोटात जातं. शुक्रवारी मी काकूंकडे गेले. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी नर, मादी, नळ्या असं सगळं सांगत सुटले.

"हे चुकले का, एवढंच सांग."

"हो."

"आणि माझं नाव?"

"पुस्तकात राहील, काकू. पण माशीला त्या नावानं कोणी ओळखणार नाही."

त्यांनी शेंगांची परात बाजूला सारली. "मूलबाळ नाही मला. तेवढंच होतं. मी गेल्यावर छाप की गं. कितीसे दिवस राहिलेत माझे?"

"सोमवारी द्यायचंय," एवढंच पुटपुटले.

"कळलं. जाताना दार ओढून घे."

थांबले असते तर कोणाला कळणार होतं? दुसरं कोणी नळ्या टांगून बसलेलं नाही. ती ओळ मी खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. आज सकाळी लिहिली आणि निबंध पाठवून दिला. रिक्षा करून तडक काकूंकडे गेले. त्यांनी साखळी न काढताच फटीतून पाहिलं.

"पाठवलंस?"

"हो."

मला वाटलं, आता दार लागतंय. मग साखळी निघाली. चहा झाला. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मी उठले तेव्हा म्हणाल्या, "मला सांगितलंस. ह्यांना कोण सांगणार?"

म्हणून हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे, ते मला माहीत नाही. पण एक गोष्ट काकूंनाही सांगितलेली नाही. एक नळी अजून फुटायची आहे. निबंध गेला, पुरावा चोख आहे, तरी संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करताना मी त्या बाटलीपाशी हात जोडून उभी राहिले. तिच्यातून कुणीच कधी न बघितलेली मादी निघावी, सर, आणि मी सगळ्यांसमोर तोंडघशी पडावं.