विहीणबाई, गाणं मी कापलं नाही

बोईसर, शनिवार

सौ. पुष्पलताबाई विहीणबाई यांना,

जिचं तोंड पाहायचं नाही असं तुम्ही ठरवलं आहे, त्या विहिणीचा हात जोडून नमस्कार. (पत्रात तोंड दिसत नाही, त्यामुळे तुमचा शब्द मोडत नाही. एवढा विचार करूनच कागद हातात घेतला.) तुमचे गुडघे कसे आहेत? नामदेवराव व्याह्यांचा खोकला गेला का? रंभाबाईंना डोळ्यांच्या थेंबांची आठवण कोणी करून देतं का, की वहिनी रागावल्या म्हणून नणंदेनेही औषध सोडलं? बोंबील आता वाळायला वलांडीवर चढले असतील आणि नवापुरात कोणाला मान वर करायला वेळ नसेल, हे मला ठाऊक आहे. तरीही हे पत्र पूर्ण वाचावं अशी विनंती आहे. फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉइस मेसेज पाठवले, तेही तुम्ही उघडले नाहीत. त्यावर हेमांगी म्हणाली, "आई, अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज तर माझी आय माझासुद्धा ऐकणार नाही." तुमची लेक सुखरूप आहे. सातवा लागला आहे. तिला भलत्या वेळी सुकट खावीशी वाटते आणि मी ती करते. बार्शीकडची बाई सुकट करू शकते, यावर आमच्या जिन्यातल्या लोकांचा आता विश्वास बसला आहे, कारण दारं लावूनही त्या वासापुढे त्यांना दुसरा इलाज राहिलेला नाही.

मुद्द्यावर येते. पुढच्या रविवारी आपल्या हेमांगीचं डोहाळजेवण आहे, आणि तुम्ही येणार नाही असा निरोप तुमच्या मुलाने, दर्पणने, आणला. लेकीच्या डोहाळजेवणाला आई नाही, हे मी ऐकून घेणार नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमचा आरोप. तो असा, की लग्नाच्या व्हिडिओतून प्रियदर्शिनीने विहिणीचं गाणं कापलं आणि स्वतःचं भाषण तेवढं ठेवलं. विहीणबाई, मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं कुंभवलीच्या कारखान्यांच्या गेटापासून तालुक्याच्या सभागृहांपर्यंत एकच गोष्ट ओरडून सांगितली, की दुसऱ्याचा आवाज दाबणारा माणूस स्वतःच्या आवाजाला घाबरलेला असतो. माझी पत्रकं फाडली गेली, माझा माईक बंद केला गेला, एकदा तर माझ्या पायाखालचं टेबल काढून घेतलं (मी उरलेलं भाषण खुर्चीवरून केलं). त्या बाईवर कात्री चालवल्याचा आरोप यावा, आणि तोही घरच्या माणसाकडून! म्हणून जे घडलं ते पहिल्यापासून सांगते.

फोटोवाल्याने लग्नाचे चार भाग करून दिले: हळद, मांडव, लग्न आणि जेवणावळ. ज्ञानेश म्हणाला, आई, हे एखाद्या कंपनीकडे महिन्याच्या भाड्याने ठेवू, हवं तेव्हा फोनवर बघता येईल. माझं डोकं तिथेच फिरलं. अहो, या बोईसरमध्ये निम्मं गाव भाड्याच्या खोलीत राहतं, आता आठवणीही भाड्याने ठेवायच्या? भाडं थकलं की मालक आपल्या सुनेची हळद रस्त्यावर आणून टाकणार! आपल्या घरातलं लग्न आपल्या घरात राहील, असं मी जेवणाच्या ताटावर जाहीर केलं. (आमचे हे, म्हणजे शिवाजी, मी उखाण्याशिवाय नाव घेते, एवढंच म्हणाले, "आमटी निवतेय.") मग आला तो काळा डबा. खलबत्त्याहून थोडा मोठा, पोटात दोन हार्डडिस्क. त्यात व्हिडिओ भरायचे, त्यावर एक सॉफ्टवेअर बसवायचं, म्हणजे ते घरातल्या टीव्हीला आणि फोनला हवं ते दाखवतं. भाडं नाही, मालक नाही. मी त्याला मनात ग्रंथालयच म्हणत होते.

पण ग्रंथालयाचं कुलूप काही उघडेना. ज्ञानेश रात्रपाळीला जाणारा आणि दिवसा झोपणारा, म्हणून सगळं मीच केलं. (तो झोपेतसुद्धा "आई, हात लावू नकोस" म्हणायचा.) पहिले दोन दिवस डबा फ्रिजवर ठेवला होता. तो सारखा घरघरायचा. शिवाजींना वाटलं फ्रिज गेला, त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने फ्रिज उघडून पाहिला, डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि सांगितलं की फ्रिज अजून दहा वर्षं टिकेल. त्यानंतर टीव्हीला डबा दिसेना. डबा जागेवर, टीव्ही जागेवर, दोघांत चार हात अंतर, आणि दोघांची ओळख नाही! मी राउटर बंद करून चालू केला, टीव्ही बंद करून चालू केला, शेवटी मेन स्विचच बंद केला आणि जिन्यातल्या लिफ्टसकट सगळं बंद पडलं. (तो आमचा स्विच नव्हता.) शोध घेतल्यावर कळलं, की पावसाळ्यात आमचं इंटरनेट गेलं होतं तेव्हा शेजारच्या झुंबररावांनी त्यांच्या वायफायचा पासवर्ड दिला होता, आणि आमचा टीव्ही तेव्हापासून गुपचूप त्यांच्याच घरचं खात होता. डबा आमच्या घरात आणि टीव्ही शेजारच्या, मग ओळख कशी व्हायची? टीव्हीला घरी आणला. झुंबरराव म्हणाले, "बाई, तरीच म्हटलं, आमचं नेट एवढं कोण पितंय."

एवढ्यावर संपेल असं वाटलं होतं, पण सॉफ्टवेअर म्हणे, फोल्डर दिसतंय, आत जायची परवानगी नाही. परवानगी! ज्या बाईने कधी मोर्चाला परवानगी मागितली नाही, तिने स्वतःच्या मुलाचं लग्न पाहायला डब्याकडे अर्ज करायचा! केला. तीन ठिकाणी खुणा केल्या, तेव्हा आत शिरलं. मग वीज जायला लागली. आमच्याकडे वीज गेली की डब्याचा पत्ताच बदलतो. हो, घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो, आणि वीज परत आली की त्याच्या मनाला येईल तो देतो. बोईसरचे भाडेकरूही इतक्या वेळा खोली बदलत नसतील. शेवटी डब्याला कायमचा पत्ता कसा द्यायचा ते शोधून काढलं. त्या दिवशी मला घर घेतल्यासारखं वाटलं. शेवटचा गोंधळ असा, की सॉफ्टवेअर प्रत्येक व्हिडिओचं नाव वाचून परदेशातून त्याचं चित्र आणि कथासार आणतं. आपल्या मांडवाला त्याने कुऱ्हाड घेतलेल्या माणसाचं चित्र लावलं आणि खाली लिहिलं, "एका शांत गावात परका पाहुणा येतो आणि कोणीही सुरक्षित राहत नाही." (हे वाचून शिवाजी म्हणाले, "तुझ्या भाषणाबद्दल आहे का?") चार भाग म्हणजे चार सिनेमे समजून ते घोळ घालत होतं, म्हणून मी त्याला सांगितलं की ही एक मालिका आहे. तेव्हापासून कुऱ्हाडवाला गेला आणि लग्न ओळीने लागलं. ही माझी हुशारीच पुढे मुळावर आली, ते सांगतेच.

एवढं सगळं जमल्यावर तुम्हाला बोलावलं. तुम्ही नवापूरहून दोन रिक्षा भरून आलात, तुमच्या गल्लीतल्या सगळ्याजणी, आणि त्या सगळ्या काय पाहायला आल्या होत्या ते मला माहीत होतं. तुमचं गाणं. हळदीच्या दिवशी तुम्ही नवऱ्याच्या आईला चिडवून म्हटलेलं:

नवऱ्याची आय गो बोलाला उबी,
चुलीवरचा भात गेला करपून!

पहिला भाग लागला. मधे चाक फिरत राहिलं. रंभाबाई म्हणाल्या, "चाक फिरतंय नुसता, गाडी कंदी सुटाची?" गाडी सुटली. मांडव दिसला, सगळ्या सावरून बसल्या, पडदा एकदा लुकलुकला आणि थेट हळद लावायलाच सुरुवात झाली. गाणं नाही. दुसऱ्या भागात तेच, तिसऱ्यात तेच. चौथ्यातही गाणं नाही, आणि त्यानंतर माझं भाषण. ते मात्र सगळं. मी पाणी प्यायले तेसुद्धा. तुम्ही भाषणाच्या अर्ध्यातून उठलात. "विहीणबाई, तुमचा भाषण सगला हाय, मग माजा गाणाच कुठं गेला?" मी म्हटलं, मशीनचा काहीतरी दोष असेल. त्यावर रंभाबाई म्हणाल्या, "मशीन बी तुमचीच, नि तोंड बी तुमचाच." मग तुम्ही म्हणालात, "बोलाला बी तुमी, नि कापाला बी तुमी. चला गो." पुरणपोळीला कोणी हात लावला नाही. जाताना बोंबलांची पिशवी हेमांगीच्या हातात दिलीत आणि माझ्याकडे पाहून म्हणालात, "माज्या पोरीसाठी हाय. तुमाला नाय." (मी त्यातला एकही खाल्लेला नाही. वास येतो तेवढाच.)

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण विचार केला, की पुष्पलताबाई चुकीचं काय बोलल्या? ज्या गाण्यात माझी टिंगल आहे तेच गाणं गायब आणि माझं भाषण शाबूत. मी त्यांच्या जागी असते तर सभा घेतली असती. म्हणून कामाला लागले. तोच व्हिडिओ कॉम्प्युटरवर लावला, गाणं होतं! टीव्हीवर लावला, नाही! म्हणजे गाणं जागेवर होतं, डबाच ते चोरत होता. सगळी सेटिंगं एकेक करून उघडली आणि सापडलं. मालिकांच्या सुरुवातीला तेच तेच गाणं लागतं ना, ते आपोआप ओलांडून पुढे जायची त्यात सोय असते. शिवाजींच्या रोजच्या मालिकेचं गाणं ऐकून माझे कान किटले होते, म्हणून ती सोय मी मोठ्या आनंदाने चालू केली होती. यंत्राला काय कळतं? ते मालिकेतले सगळे भाग ऐकतं, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला जे सारखं सापडेल ते मालिकेचं गाणं समजून गाळतं. आणि आपल्या फोटोवाल्याने काय केलं होतं? अख्ख्या लग्नात तुमचं गाणं सगळ्यांत झकास झालं म्हणून ते एकदा नीट उतरवून चारही भागांच्या सुरुवातीला लावलं होतं!

विहीणबाई, नीट लक्ष द्या. तुमचं गाणं चांगलं होतं म्हणून गळलं. माझं भाषण कोणालाही दुसऱ्यांदा लावावंसं वाटलं नाही, म्हणून वाचलं. एवढा न्याय तर मला कोणत्याही विरोधकाने कधी दिला नाही.

ती सोय मी आता कायमची बंद केली आहे. त्यामुळे तुमचं गाणं चारदा लागतं आणि शिवाजींची मालिका गाण्यासकट. ते सध्या स्वयंपाकघरात तुमचं गाणं गुणगुणतात, नेमकं मी कुकर लावते तेव्हा. तेव्हा राग सोडा आणि रविवारी सकाळीच या. नामदेवराव तोवर बोटीवरून परतणार असतील तर त्यांनाही घेऊन या. हेमांगीने हिरवी साडी आधीच काढून ठेवली आहे, पण तुम्ही येईपर्यंत ती नेसणार नाही म्हणते. माझ्यामुळे तिला ताटकळत ठेवू नका.

रंभाबाईंना नमस्कार, आणि त्यांचं वाक्य मी माझ्या पुढच्या सभेत वापरणार आहे असं सांगा.

तुमची, कात्री न चालवलेली,
प्रियदर्शिनी

ता. क. डोहाळजेवणाला गाणी म्हणणारं आमच्या बाजूला कोणी नाही. तुम्ही आणि तुमच्या गल्लीतल्या सगळ्याजणी आलात तर बरं होईल. भात करपल्याचं गाणंही म्हणा, नवीन कडवी असतील तर तीही. मी मातृत्वावर थोडं बोलणार होते. हेमांगी म्हणाली, "आई, त्या दिवशी नको." मान्य केलं. (फक्त प्रास्ताविक करीन.)

ता. क. आणखी एक. हेमांगीने परवा मला न सांगता दर्पणच्या फोनवर डब्याची जोडणी करून दिली, म्हणजे नवापुरात बसूनही लग्न पाहता येतं. चांगलंच केलं. पण त्या डब्याला एक पान आहे, त्यावर कोण कुठे काय पाहतंय ते सगळं दिसतं, हे बहुधा तिने तुम्हाला सांगितलेलं नाही. नवापूरला गाणं वाजलं, चारही वेळा. ते मी समजू शकते. पण मग भाषण सुरू झालं आणि बंद झालं नाही. दुपारी मधेच थांबलं, बोंबील उलटायची वेळ झाली असेल. संध्याकाळी जिथे थांबलं होतं तिथून पुन्हा लागलं. आज सकाळी ते शेवटच्या वाक्यापर्यंत पोहोचलं.

विहीणबाई, आमच्या घरातलं कोणीही अजून तिथपर्यंत गेलेलं नाही. तेही त्याच पानावर दिसतं. तेव्हा गाण्याचं राहू द्या, डोहाळजेवणाचंही राहू द्या. माझा शेवटचा मुद्दा पटला की नाही, एवढं भांडायला तरी या.