शैलाची शेवाळी ओढणी

मंगळवार, संध्याकाळ

डाळिंबाच्या सालींनी कापड रंगवायला शैलाला मीच शिकवलं. कापड तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, साली स्टीलच्या पातेल्यात उकळायच्या, छान पिवळा येतो. लोखंडाचं भांडं नको, रंग काळवंडतो, हेही बजावलं होतं. बाईसाहेबांनी नेमकी भाजीची लोखंडी कढई घेतली.

आज माझ्या कसब्यातल्या क्लासला ओढणी घेऊन आली. शेवाळी. असा शेवाळी, की सगळ्याजणी माझे पिवळे रुमाल टाकून तिच्याभोवती. "ताई, चुकलंच हो माझं," म्हणे. मला का नाही कधी असं चुकता येत? इतकी वर्षं पातेली घासतेय.

मग विचारते, "धुतल्यावर टिकेल ना?" टिकणार. लोखंडाने रंग पक्का बसतो, मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "सांगता येत नाही." तिचा चेहरा पडला. बरं वाटलं, काय करू.

आत्ता आमची लोखंडी कढई गॅसवर आहे. हे स्वयंपाकघरात डोकावले. "आज भाजी कसली?"

"डाळिंबाची."

झाकण उचलून त्यांनी आतली माझी ओढणी बघितली आणि बाहेरून पोळीभाजी आणायला गेले.

तसाच शेवाळी आला, तर क्लासमध्ये सांगणार आहे, चुकून आला म्हणून.