मुळाकडचं टोक

६ एप्रिल, बिश्केक
कालच्या नोंदीत एक चूक झाली. भाऊजी बसथांब्यावर उशिरा आले, असं मी लिहिलं. ते वेळेवर होते. माझीच बस नारीनहून लवकर पोचली. मेहुणीबाई वाऱ्याने उडून जातील, दोरी आणायला हवी होती, असं म्हणून त्यांनी खूप चिडवलं. ताई जाऊन वर्ष झालं, तरी नातं न विसरता त्यांनी मला आपल्या प्रयोगशाळेत घेतलं. यंत्र सुंदर आहे. लेसर नमुन्यावर बारीक रेघ कोरतो, उडालेली धूळ वायूबरोबर आत जाते आणि कोणतं मूलद्रव्य किती आहे, ते पडद्यावर उमटतं. घरी बाबांनी दुधाच्या तराजूवर शिकवलेलं रसायनशास्त्र आठवलं.

१७ एप्रिल
विंचरताना गळलेले केस आमच्यात कोणी फेकत नाही. ताईच्या शेवटच्या महिन्यांतल्या केसांची पुरचुंडी आईने जपली होती. त्यातला एक केस यंत्रात लावला. थॅलियम. विष! पण मुळाकडे, म्हणजे केसाच्या सर्वांत नव्या टोकाकडे, प्रमाण कमी होत गेलेलं. भाऊजींना दाखवलं. ते म्हणाले, खाणीकडचं पाणी असणार. रडतेस काय वेडे, उलट ती बरी होत होती. संध्याकाळी त्यांनी जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी आणून दिली.

३ मे
केस मी उलटा लावला होता. आज सूक्ष्मदर्शकाखाली मुळाची गाठ दिसली, ती दुसऱ्या टोकाला. म्हणजे विष उतरत नव्हतं, चढत होतं, पायरी-पायरीने, शेवटपर्यंत. भाऊजींना मुळाचं टोक ओळखता येत नाही? त्यांना? थॅलियमची कुपी त्यांच्याच कपाटात असते. किल्ली दुसऱ्या कोणाकडे नाही.

९ मे
तळपाय जळतात. स्वतःचा केस उपटून लावला. या वेळी मूळ ओळखण्यात चूक नाही. मुळापाशी तीच पायरी. मुरंबा रोज चहाबरोबर—
भाऊजींनी विचारलं, संपला का, अजून आणू? मी म्हटलं, आणा, फार आवडला. त्यांनी आणलेली नवी बरणी उघडली नाही. कुलूपबंद ठेवली आहे.

१३ मे
शुक्रवारी पोलीस खात्याचे पाहुणे यंत्र बघायला येणार आहेत. नमुना मी लावायचा, आलेख भाऊजी मोठ्याने वाचणार. त्यांना तसं मिरवायला आवडतं. नमुना म्हणून ठरलेल्या काचेच्या तुकड्याऐवजी ताईचा केस लावीन. शेजारी माझा. वाचू देत. सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने. त्यांचं मरण मला नको. वाचता वाचता आवाज थांबेल, तो क्षण हवा.

१४ मे
केसांची बट हातात आली. जिना उतरवत नाही. भाऊजी दारात उभे, डॉक्टर नको म्हणतात, नुसता थकवा— मीही हसले. दोनच दिवस. शुक्रवारी, १६ मे रोजी, मी—