राजीनाम्याची ओळ

प्रिय मोनिका,

अभिनंदन! राजीनामा द्यायच्या आधीच तो अख्ख्या ऑफिसला कळवणारी नगरच्या एमआयडीसीतली तू पहिलीच असशील.

काष्टीच्या दूध संकलनाच्या प्रोग्रॅममधले तुझे बदल आज आम्ही उतरवून घेतले. सगळ्यांचं काम एकमेकांच्या संगणकांवर पोचवणाऱ्या गिटने कोणत्या फायलींकडे दुर्लक्ष करावं, याची जी आपली सामाईक यादी, तिच्या तळाशी नवी ओळ: 'राजीनामा-पुणे'. आपला बन्सी त्याच्या संगणकासमोरून ओरडला, "ताई, मोनिका चालली व्हय पुन्याला?" ऑफिसच्या वेळेत, कामाच्याच फोल्डरात राजीनामा लिहिलास, तेही चालेल. फाईल गिटने इमानाने लपवली गं. पण यादी लपत नाही. ती कामाबरोबर प्रत्येकाच्या संगणकावर जाते.

शिंगणापूरची तू, बिनदाराच्या घरात वाढलेली. लपवायचा सराव कुठून असणार? तेव्हा माझं शिकवायचं राहिलेलं आज घे. जो कचरा कुणालाच नको, तो सामाईक यादीत. तुझ्या एडिटरच्या तात्पुरत्या फायलींचा पसारा तुझ्या संगणकावरच्या सगळ्याच कामांत नको, म्हणून तो तुझ्या स्वतःच्या, सगळीकडे लागू होणाऱ्या यादीत. आणि या एकाच कामात, फक्त आपल्यापुरतं दडवायचं ते गिटच्या पोटातल्या 'एक्सक्लूड' नावाच्या फायलीत. ती कुणाकडेच जात नाही. तुझी ओळ तिथली होती.

मी अजिबात रागावले नाही, असं लिहून खोडलंय. दुपारपर्यंत बन्सीला विनाकारण झापत होते. मग काष्टीच्या केंद्रावर दूध घालणाऱ्या लंकाबाई आठवल्या. आपल्या स्क्रीनवर दुधाचं माप चुकलं, तेव्हा "ह्या डबड्यापरीस माझा हात बरा" म्हणून त्यांनी कॅन उचलून बाजूला ठेवला होता. मी सबबी सांगत उभी, आणि तू तिथेच फरशीवर मांडी घालून दोन तासांत चूक शोधलीस. जाताना त्यांनी तुला ताक दिलं, मला नाही. बरोबरच होतं.

त्या दिवशी परत येऊन मीही एक पत्र लिहिलं, तुझ्या नावाने: कंपनीत निम्मी भागीदारी. ते आपल्या याच कामाच्या फोल्डरात दोन वर्षं पडून आहे, आणि त्याच्या नावाची ओळ माझ्या 'एक्सक्लूड'मध्ये. इतक्या योग्य जागी, की तुला कधी वासही लागला नाही. उद्या देऊ, परवा देऊ करत राहिले. आज ती ओळ मी खोडली आणि पत्र सामाईक कामात चढवलं. बन्सीलाही दिसेल, दिसू दे. सोमवारी आलीस की बदल उतरवून घे, आणि तुझं पत्र मला द्यायच्या आधी माझं वाच. त्यानंतरही पुण्यालाच जायचं असेल तर शिफारस मीच लिहीन. फक्त ती कुठे ठेवायची, हे या वेळी विचारून घे.

खुर्ची तुझी राखून बसलेली, तुझीच
सविताताई