बेकरीवाली, हसीनाबी आणि मी

प्रिय अहो,

हसता काय? तुमचं नाव जन्मात घेतलं न्हाई, आता पत्रात कुठून घेऊ! 'अहो' म्हटलं की तुम्ही वळून बघायचात, तेवढं मला पुरे होतं.

काल दुपारी तुमची ती फ्रेंच फिल्म मी पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिली. तेव्हापासून तुमच्याशी भांडायचं मनात आहे. म्हणून लिहायला बसले.

आठवतं, आपली अश्विनी नांदेडहून ती पेनड्राइव्हवर घेऊन आली होती? "बाबा, यातला डिटेक्टिव्ह सेम तुमच्यासारखा आहे," म्हणाली. नदीकाठचं लहानसं गाव. एक म्हातारा नाहीसा झालेला, आणि संशय बेकरीवाल्या बाईवर. मग हा जाडजूड गडी काय करतो? रोज तिच्या दुकानात जाऊन बसतो! ना दरडावणं, ना पळापळ. ती पाव भाजते, हा बघतो. झाली फिल्म.

तुम्ही मात्र कीर्तनाला बसल्यासारखे बसायचात. खालच्या इंग्रजी ओळी वाचून होईपर्यंत पुढच्या यायच्या, तरी तुमचं काही अडायचं नाही. मी बाजूला तुरीची डाळ निवडत असायचे.

"काहून कुणीच बोलून न्हाई राहिलं यात?" मी विचारायचे.

"अगं, आता बघ! तो काहीच विचारणार न्हाई, अन् तीच सांगंल."

"काय सांगंल?"

"ते महत्त्वाचं न्हाई."

मी सूप उचलून आत जायचे. खरं सांगू? मला त्या बेकरीवालीचा राग यायचा. पडद्यावरच्या बाईचा मत्सर करायचं काय वय होतं माझं! पण फिल्म लावली की माझा नवरा तिच्याकडं असा बघायचा, तसं अंतरपाट दूर झाल्यावर माझ्याकडंही बघितलं नव्हतं.

ती निदान पडद्यावर होती. हसीनाबी तर आपल्या बाळापुरातच होती, खरीखुरी.

तिच्या जावेची सोन्याची साखळी हरवली आणि सगळ्या घरानं हसीनाबीवर बोट ठेवलं. दुसरा जमादार असता तर तिला ठाण्यात बोलावून घेतलं असतं. तुम्ही तिच्या ओट्यावर जाऊन बसलात. दुपारच्या दुपारी! तिचं माहेर, तिची जचकी, तिच्या शेळ्या, सगळं ऐकून घेतलंत. बोलता बोलता तीच म्हणाली, सासू आजकाल वस्तू कुठंही ठेवते अन् विसरते, परवा भाकरी ट्रंकेत सापडली. साखळी ज्वारीच्या कोठीत निघाली. आणि तुम्ही त्या म्हातारीची लाज झाकायला घरच्यांना सांगितलंत, "उंदरानं वढून नेली आसंल."

तेव्हापासून दर ईदेला डबा. "भाईजानसाठी शिरखुर्मा." वाटी चाटूनपुसून तुम्ही म्हणायचात, "सुमन, असा शिरखुर्मा सगळ्या जिल्ह्यात न्हाई."

"मग तिथंच ऱ्हावा!"

तुम्ही खो खो हसायचात. मी थट्टा करत नव्हते हो.

का जळायचे मी? बाजारात जो तो म्हणायचा, जमादार देवमाणूस, किती शांतपणे ऐकून घेतात. आणि घरात? गॅस संपलाय हे मी तीनदा सांगायचे, तुमच्या कानावर जायचंच नाही! टोपी खुंटीला लागली की तुमचं तोंड सुरू. गुडघे दुखतात. नवा साहेब सगळ्यांदेखत खेकसला. लगेच उभं राहून त्याची नक्कल. पोस्टमार्टेमला हजर राहावं लागलं, तर बाहेर येऊन लिंबाखाली ओकलात, तेही ताटावर बसून सांगायचात. डोंगरकडा गावातून हरवलेली ती पोरगी तर कधीच सापडली नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून किती वेळा विचारलंत, "माझंच कुठं चुकलं का गं?" आणि डोळे भरून यायचे.

"आता जेवा," मी म्हणायचे. मला वाटायचं, गावाला कान आणि मला नुसतं तोंड. चांगला नवरा लोकांनी नेला, उरलासुरला माझ्या वाट्याला आला.

मग एका सकाळी चहा होईपर्यंतही थांबला नाहीत. असं जातं का कुणी!

माणसं लोटली. हट्ट्याहून, डोंगरकड्याहून, कुठून कुठून. जो येई तो एकच सांगे, साहेबांनी माझं ऐकलं होतं. मी कोपऱ्यात बसून जळत होते. हसीनाबी तर माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली. माझ्या घरात, माझ्या नवऱ्यासाठी! मला राहवलं नाही. मी तिला तोंडावर विचारलं, "काय बोलायचे हो ते तुमच्याशी एवढं?"

ती गोंधळली. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "बोलायचे कुठं, भाभी? भाईजान चुप बसायचे. मीच बडबड करायची. त्यांना काय तकलीफ हाय, कशाचं भ्या वाटतं, कधी कळलंच न्हाई. घरी बोलायचे का?"

मी बाकीच्यांकडं पाहिलं. ठाण्यासमोरच्या चहावाल्यानंही नकारार्थी मान हलवली. तुमच्याबरोबर ठाण्यात होते ते शिंदे म्हणाले, "वहिनी, खरंच. साहेबांचं एक मोठं वाक्य आठवंना."

आणि मी हसले हो! भरल्या सुतकात, मोठ्यानं. अश्विनी घाबरून पाणी घेऊन आली. तिला कसं सांगू, की एवढ्या माणसांत तुम्हाला ओळखणारी मी एकटीच बसले होते?

काल अश्विनीनंच फिल्म लावली. अहो, किती शांत आहे ती! मला ठाऊकच नव्हतं. तुमच्या 'आता बघ, आता बघ'मध्ये ही शांतता मला कधी ऐकूच आली नाही. म्हातारा सापडतो, बेकरीवाली सुटते, आणि तो घरी जातो. घरात कुणीच नाही. कोट काढतो, खुर्चीत बसतो, आणि संपतं. अश्विनी म्हणाली, "सुंदर शेवट आहे ना, आई?" मला त्याची कीव आली. दिवसभर लोकांचं ऐकून आलेला माणूस, त्यानं बोलायचं कुणाशी?

शुक्रवारी हसीनाबी येणार आहे. "भाभी, भाईजान घरी कसे होते, सांगा ना," असा तिचा निरोप आहे. चहा करीन. थोडंफार सांगीनही, तिचा जीव होता तुमच्यावर. पण सगळं नाही सांगायची. तुमचे भरलेले डोळे मी कुणालाच देणार नाही. हे वचन समजा. जळकी म्हणा हवं तर.

तुमची, आणि तुम्ही जिचे,
सुमन