पिना मारलेली पानं

सोम. ४ ऑगस्ट. सुरत
दिवसभर साड्यांच्या गाठी उचलल्या. दुपारी सोलापूरहून आईचा फोन. धाकट्या बहिणीची, पिंकीची शाळा बंद केली. दहावीला हाय ती. का, तर "पुस्तकात नको ते निघालं." पुढं सांगंना. मामा शेजारी बसलेले असणार. वडील गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द.
काय वाटलं न्हाई. परत गाठी.

मंगळ. ५
शेजारच्या वहिनीच्या मोबाईलवरनं पिंकीचा फोन. विज्ञानातला प्रजननाचा धडा. बाई "घरी वाचा" म्हणल्या. वर पोरं चित्रं बघून दात काढतात म्हणून सगळ्यांच्या पुस्तकात त्या पानांना स्टेपलरच्या पिना मारल्या. मामांना वाटलं, हिनंच कुणाची चिठ्ठी लपवली. सुरीनं पिना काढल्या.
"पिना नसत्या तर त्यांनी बघितलं पण नसतं, दादा."
मग हळूच, "त्याला मार्क हायत रे."

गुरु. ७
तिनं मैत्रिणीच्या पुस्तकातल्या पिना काढून फोटो पाठवले. जेवताना वाचलं. मी शाळा सातवीत सोडली, हा धडा आलाच न्हाई. नळ्या, पिशव्या, बाण. पाळीचं पान. आमाला हे गोडाऊनमधल्या पोरांनी शिकवलं, घाण करून. हितं घाण कायच न्हाई. माणूस पण न्हाई. मोटर दुरुस्तीच्या तक्त्यासारखं.
रूमवरचा म्हणला, "परीक्षेला बसतो काय, सोलापूरकर?"
राखीला जातो म्हणून शेठकडं सुट्टी मागितली. मिळाली.

शनि. ९. सोलापूर
पिंकीनं राखी बांधली. आत गेली. शाळेचं मी काढलं. मामांनी पुस्तक पुढ्यात टाकलं.
"तू मोठा भाऊ. वाच की मोठ्यानं. ऐकू दे शाळा काय शिकवती."
वाचलं. बोट ठेवून, अडखळत. आईची भाकरी थापायची थांबली. 'अंडा'पर्यंत आलो. पुढं जीभ उचलंना.
आतनं पिंकी, "अंडाशय. पुढं वाच, दादा."
वाचलं. पाळीचं पण. मामा फरशीकडं बघत होते. आई दारात येऊन उभी, हात पिठाचे.
"बास," मामा उठले. चप्पल घातली.
"सोमवारी जाऊ दे का तिला?"
"बघू."

रवि. १०
उद्या माझी गाडी. पिंकीनं दप्तर भरून दाराशी ठेवलंय. विज्ञानाचं पुस्तक अजून मामांच्या उशाशी. मागायचं कुणी, हे ठरंना. आई म्हणती, "तू माग." मी म्हणलं, व्हय. अजून हितंच बसलोय.