प्रत्येक गटाला एक फेक

धप्. मग बराच वेळ काहीच नाही.

राजमान्य राजेश्री व्याही मोहनराव यांस, धारूरच्या डोंगरकडेहून राधाकिशनचा रामराम. आधी नमस्कार लिहावा, मग मजकूर, एवढी रीत मला कळते; पण लेखणी टेकवली आणि पहिल्यांदा तोच आवाज कानी आला. बाहत्तर सालच्या दुष्काळात आमच्या शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल पहिल्यांदा पडला, तेव्हाचा. चेंडू उसळतो असे मास्तरांनी सांगितले होते. फूटभर फुफाट्यात पडलेला चेंडू मात्र तिथेच बसून राहिला, जणू त्यालाही आमच्याबरोबर खडी फोडायला यायचे होते. असो. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? तुमची साखर उतरली का? (आमच्याकडे नळ सोळा दिवसांनी येतो. बाकी सर्व क्षेम.)

पत्रास कारण आपली केसर. आपली म्हणजे माझी नात तशीच तुमची नात. गुरुवारी तुमच्या संभाजीनगरला रेल्वेच्या मुलींच्या संघाची निवड चाचणी आहे आणि तिने दोन दिवस आजोळी यायचा हट्ट धरला आहे. त्याच गुरुवारी तिला पाहायला पाहुणे येणार आहेत. तुमचे जावई शहादेव या क्षणी समोर बसून मला सांगत आहेत, "आप्पा, तुमी या खेळापायी कसे वाया गेलात ते समदं लिव्हा. मामांना पटलं पायजे. ते पोरीला घरात घ्यायचे न्हाईत." मुलगा समोर बसला की बापाने शुद्धलेखन लिहावे, तसे लिहितो आहे.

तर ऐका. अठराव्या वर्षी मी सहा फूट चार इंच होतो आणि दुष्काळी कामावर मुकादम मला पाटी न देता झेंडा धरायला उभा करी. त्यानंतर तीन वर्षांनी पाऊस बरा झाला, ऊस आला, उसापाठोपाठ सहकारी साखर कारखाना आला आणि कारखान्यापाठोपाठ चेअरमन माणिकराव आले. ते सांगलीकडे सहलीला गेले होते, तिथल्या कारखान्याला बास्केटबॉलचा संघ होता. आल्याबरोबर म्हणाले, "आपल्याला कावून न्हाई?" मला पाहून म्हणाले, "हे पोरगं शिडीवाचून गोदाम रंगवील, घ्या त्याला." शेती खात्यात ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटायची नोकरी आणि संध्याकाळी खेळ. पोटासाठी खेळणारा धारूर भागातला मी पहिलाच, बहुतेक शेवटचाही. चौथीच्या पुस्तकात झुळझुळ वाहणाऱ्या नदीची एक कविता होती. आमच्या ओढ्यात ती कधी वाहिली नाही, पण पहिल्या दिवशी कारखान्याचे बनियन अंगात घातले तेव्हा ती माझ्या छातीतून वाहिली, खोटे कशाला सांगू.

घोटाळा तिथूनच सुरू झाला. कारखान्याच्या ऊसक्षेत्राचे पाच गट. कोणत्याही गटावर अन्याय नको म्हणून संचालक मंडळाने ठराव केला की प्रत्येक गटाचा एक खेळाडू आणि प्रत्येक गटाला एक फेक; पाचही गटांची पाळी फिरल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा कडीत चेंडू टाकायचा नाही. (पाणी असेच सोडत, ऊस असाच नेत, मग चेंडूच तेवढा वेगळा का?) कोल्हापूरकडच्या संघाशी पहिला सामना झाला. अर्ध्या तासात त्यांच्या ध्यानात आले की पाळी कोणाची आहे तेवढे पाहिले की पुरते. उरलेल्या चौघांना त्यांनी मोकळे सोडले. मी कडीखाली हात वर करून एकटा उभा, चेंडू धुळाजीकडे. धुळाजी उत्तर गटाचा, संचालकाचा भाचा, उंची पाच फूट एक, त्याच्याभोवती पाच पैलवान. मी म्हणालो, "टाक इकडं, धुळाजी." तो आतून ओरडला, "तुझी पाळी झाली ना बे? गप हुबा ऱ्हा." एकाहत्तर विरुद्ध चार. त्या चारांतले दोन त्यांनीच चुकून आमच्या खात्यात टाकले. माणिकरावांनी जेवताना सत्कार केला, कारण एकाही गटाची तक्रार नव्हती.

पुढच्या दुष्काळात ऊस गेला, गाळप थांबले आणि संघ गेला. मग मी सहकारी सूतगिरणीच्या संघात लागलो. गिरणीची कोनशिला बसली होती, गिरणी बसायची होती. तीन वर्षे मी छातीवर गिरणीचे नाव मिरवत जिल्हाभर खेळलो, आणि ते बनियन इचलकरंजीहून विकत आणलेले. एके दिवशी कोनशिलाही कोणीतरी नेली. तिसरा संघ दूध संघाचा. तिथे मैदान पक्के होते, कड्या नव्या होत्या, आणि पहिल्याच उन्हाळ्यात मैदानावर गुरांची छावणी पडली. कडब्याची गंज कडीला टेकली. आम्ही त्या गंजीवर चढून चेंडू हाताने कडीत ठेवायचा सराव केला, कारण सराव बुडवला तर पगार कापत. तेव्हा मला दोन ओळी सुचल्या होत्या:

गेला चेंडू नभास, परतुनि ना ये खाली;
कडब्यावरती निजला, सांज अंगणी झाली.

चेंडू खरेच खाली आला नाही. चौथ्या दिवशी एका खिलार बैलाने शोधून दिला, पण त्यात हवा उरली नव्हती. दूध संघही तसाच बसला. माझ्या उंचीचा खरा उपयोग पुढे पाण्याच्या टँकरवर झाला. शिडी न लावता झाकण उघडणारा जिल्ह्यात मी एकटाच, आणि या नोकरीला दुष्काळाची भीती नव्हती. केसरची आजी भिमाबाई मला नवऱ्याची जात म्हणून नव्हे तर बांबूची जात म्हणून ओळखते. माझा शेवटचा चेंडू तिने विळीवर उभा चिरला आणि दोन्ही वाट्यांत कोंबड्यांना पाणी ठेवले. हा एवढा माझा चरितार्थ. तेव्हा पोरीला थारा देऊ नये, ही विनंती. कळावे, लोभ असावा.

आपला,
राधाकिशन

ता. क. शहादेव वाचून "लई झ्याक" म्हणाला आणि पाहुण्यांसाठी पेढे आणायला माजलगावला गेला. संध्याकाळशिवाय येत नाही. आता खरे लिहितो. वर लिहिलेला शब्द न् शब्द घडलेला आहे, पण त्याचा अर्थ शहादेव म्हणतो तो नाही. मोहनराव, चौदा वर्षे मी तीन संघांत होतो, आणि सामना म्हणावा असा एकही खेळलो नाही. केसर खेळते. मी तिला पहाटे जुन्या दूध संघाच्या मैदानावर नेतो (शहादेवला वाटते आम्ही फिरायला जातो). ती चेंडू हातात आला की कोणाला विचारत नाही. गेल्या महिन्यात माझ्या डोक्यावरून टाकला, मागे वळूनही पाहिले नाही. पाच फूट अकरा इंच आहे, त्यामुळे आलेली दोन स्थळे परत गेली, तिसरे या गुरुवारी. मुलगा पाच फूट चार आहे आणि त्याच्या बापाला गावातच राहणारी सूनबाई हवी. तुम्ही आजारी आहात असा फोन शहादेवला करा. नातीला भेटायची इच्छा आहे म्हणा. साखर वाढली म्हणा, ती तर वाढलेलीच असते. पोरीला मैदानावर तुम्ही न्या. मला शहादेवसमोर बोलता येत नाही. आयुष्यभर माझी पाळी झालेलीच होती.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालतो आहे तोच दारात भिमाबाई उभी. परवापासून ती पाटोद्याला बहिणीकडे लग्नाला गेली होती, रविवारपर्यंत येणार नव्हती. लग्न अर्ध्यावर टाकून आली आहे, पायांत चपला तशाच, हातात नवे कोरे बूट, पोरीच्या मापाचे. मी म्हणालो, "व्याह्यांना पत्र लिहीत होतो, चाचणीबद्दल." ती म्हणाली, "तुमचं पत्र पोचंस्तोवर पोरीच्या पोरीचं लगीन हुईल. उठा, तिची पिशवी भरा. दीडची गाडी हाय." मी विचारले, पाहुण्यांचे काय? म्हणाली, "तुमी हायेत की. त्यांना चहा पाजा अन् समदी कहाणी सांगा. ते आपसूक जात्याल."

तेव्हा हे पत्र पोस्टात टाकत नाही, हिच्याच कनवटीला खोचून देतो. तुमच्या हाती पडेल तेव्हा आणणाऱ्या दोघी उंबऱ्याशी उभ्या असतील. विहीणबाईंना चहा टाकायला सांगा आणि दोघींना आत घ्या. लहानीला जरा वाकून यावे लागेल, तेवढी चौकट सांभाळा.